घोड्याचं औषध

रक्ताच्या रिपोर्टमधलं काय वर जायला हवं आणि काय खाली यायला हवं, याचा आपल्या घराघरांत एक हिशोब ठरलेला असतो. साखर खाली हवी, कोलेस्टेरॉल खाली हवं. बाकी सगळं वर. हिमोग्लोबिन वर, प्लेटलेट वर, पांढऱ्या पेशी वर (फार वर नकोत, पण वर). त्यामुळे ऑगस्ट २०२३ मध्ये एका सकाळी भाचीचा नागपूरहून फोन आला, तेव्हा मी ऐकता ऐकता खालीच बसले.

"मावशी, लिम्फोसाइट संपले वं त्याचे. परवा तेराशे होते, आज नव्वद लिहून आहे. बाजूला खूण केली आहे. मला कोणी काही सांगून नाही राहिलं."

दुपारी डॉक्टर राउंडला आले तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, "ताई, घाबरू नका. ते आपल्या औषधानेच कमी झाले आहेत. हा एक आकडा पडायलाच हवा होता."

भाचीला ते पटेना. खरं सांगायचं तर मलाही पटेना. पेशी मारायच्या, त्याही प्रतिकारशक्तीच्या, आणि त्या मेल्या की समाधान मानायचं, हे काय औषध झालं? मग पुढचे काही महिने मी या एका आकड्याच्या मागेच लागले. मराठी घेऊन बी.ए. केलेल्या बाईला जेवढं समजू शकतं तेवढं समजून घेतलं. डॉक्टरांना विचारलं, पुण्याच्या भाच्याकडून इंग्रजी लेख वाचून घेतले, दोन वह्या भरल्या. नात्यातले बरेच जण अजून विचारतात, 'त्याला ते घोड्याचं इंजेक्शन दिलं होतं ते नेमकं काय होतं हो?' तर मंडळी, ते हे.

मुलगा माझ्या थोरल्या बहिणीचा नातू, म्हणजे माझाही नातूच. तेव्हा वय एकोणीस, गोंदियाला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. उन्हाळ्यापासून थकवा होता. मग पायांवर निळे डाग दिसू लागले, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. आमच्या भागात रक्ताचा आजार म्हटला की पहिलं नाव निघतं सिकलसेलचं. ती तपासणी झाली, सिकलसेल नव्हता. घरात पेढे वाटायचेच बाकी होते! पण प्लेटलेट आठ हजारांवर आलेल्या. नागपूरला कमरेच्या हाडातून मगज काढून तपासला. जिथे रक्त तयार करणाऱ्या पेशी दाटीने असायला हव्यात तिथे नुसती चरबी. आजाराचं नाव 'एप्लास्टिक अॅनिमिया'.

यात बहुतेक वेळा होतं असं, की आपल्याच रक्तातल्या लिम्फोसाइट, त्यातही टी पेशी म्हणतात त्या, मगजातल्या मूळ पेशींवर उठतात आणि त्यांना संपवतात. रोगजंतूंपासून राखण करायला ठेवलेल्या पेशी. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. भावंडाचा मगज जुळला तर त्याचं प्रत्यारोपण करतात, पण प्रत्येक सख्ख्या भावंडाचा जुळण्याची शक्यता चारांत एक. धाकट्या बहिणीचा जुळला नाही. त्या पोरीने त्या दिवशी जेवण सोडलं, जणू तिचाच दोष. मग राहिला दुसरा मार्ग, एटीजी. लांबलचक नाव अँटी-थायमोसाइट ग्लोब्युलिन. सोबत सायक्लोस्पोरिनच्या गोळ्या. भाचीच्या नवऱ्याने दीड एकर धानाचं शेत गहाण टाकलं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

एटीजी बनतं कसं, ते समजायला आपल्याकडच्या माणसाला जड जाऊ नये. धानाच्या बांधीत साप चावला की जे इंजेक्शन देतात, तेही घोड्याचंच असतं. मुंबईच्या परळच्या हाफकिनचं नाव त्यासाठी सर्वांना माहीत आहे. घोड्याला सापाचं विष अगदी थोडं थोडं टोचत जातात, घोडा त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतो (करोनानंतर हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही, एवढं एक बरं झालं), आणि मग त्याच्या रक्तातून त्या अँटीबॉडी वेगळ्या काढतात. एटीजीत विषाच्या जागी माणसाच्या लिम्फोसाइट असतात. छातीत हृदयाच्या पुढे थायमस नावाची ग्रंथी असते, टी पेशी तिथे तयार होतात. लहान मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया करताना तिचा तुकडा काढावा लागतो, त्यातल्या पेशी यासाठी वापरता येतात. घोड्याच्या लेखी त्या परक्या. तो त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी करतो. त्या अँटीबॉडी आपल्या शरीरात सोडल्या की त्या जाऊन लिम्फोसाइटना चिकटतात आणि त्यांचा नाश होतो. महाराष्ट्रातलीच भारत सिरम्स अँड व्हॅक्सिन्स ही कंपनी 'थायमोगॅम' नावाने घोड्यापासूनचं एटीजी बनवत आली आहे.

म्हणजे सापाच्या औषधात विष हा शत्रू, आणि इथे स्वतःच्याच पेशी शत्रू. माझी बहीण (वय ८१) म्हणाली, "काहून वं, आपल्याच लेकराच्या पेशी मारायले घोड्याले शिकवलं म्हनतं?" मला याहून सोपी व्याख्या अजून कुठे सापडलेली नाही.

ही कल्पना नवी नाही. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेच्निकॉफ यांनी १८९९ मध्येच दाखवलं होतं, की एका जातीच्या प्राण्याच्या लसिकाग्रंथींतल्या पेशी दुसऱ्या जातीच्या प्राण्याला टोचल्या तर त्याच्या सीरममध्ये त्या पेशींना मारणारं काहीतरी तयार होतं. पण मारून करायचं काय? साठ वर्षं त्याचा फारसा उपयोग कोणाला सुचला नाही. मग अवयव बदलण्याचे दिवस आले. १९६३ मध्ये एडिंबरोच्या वुड्रफ आणि अँडरसन यांनी असं सीरम उंदरांच्या एका मोठ्या जातीला देऊन दाखवलं, की परक्या उंदराची कातडी त्यांच्या अंगावर जास्त दिवस टिकते. लंडनला मेडावार यांनी त्यावर काम केलं (यांना १९६० मध्येच नोबेल मिळालेलं होतं). अमेरिकेत डेन्व्हरला स्टार्झल यांनी १९६६ मध्ये घोड्याचं असं औषध मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली.

त्या काळाची मला चांगली आठवण आहे. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बर्नार्ड यांनी पहिल्यांदा माणसाचं हृदय बदललं, तेव्हा मी मॅट्रिकला होते. आमचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता (गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला). पेपर दुसऱ्या दिवशी यायचा, आणि शाळेत गुरुजींनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही हृदय बदललं, तो रुग्ण काही तासच जगला. बर्नार्ड यांचा पहिला रुग्ण अठरा दिवस जगला. आम्हाला वाटायचं, नवीन हृदय चाललं नसेल. आता वाचलं तेव्हा कळलं, की हृदय चालत होतं. तो न्यूमोनियाने गेला. शरीराने परकं हृदय नाकारू नये म्हणून त्याची प्रतिकारशक्ती दाबली होती, आणि त्या दाबलेल्या शरीराला साधा संसर्ग झेपला नाही.

किती दाबायची? सगळा प्रश्न इथे येतो. कमी दाबली तर अवयव जातो, जास्त दाबली तर माणूस. आणि मोजायचं कशाने? ताप मोजायला थर्मामीटर आहे. प्रतिकारशक्तीला तसं काही नव्हतं.

त्यात हे औषध पडलं घोड्याचं. कारखान्यातल्या गोळीसारखं एकसारखं निघणार कसं? एका घोड्याचं सीरम कडक, दुसऱ्याचं मवाळ. म्हणून प्रत्येक खेपेच्या औषधात जोर किती आहे हे पाहणं भाग होतं. सुरुवातीला काचेच्या नळीत पाहिलं: सीरम किती पातळ केलं तरी लिम्फोसाइट मरतात, किंवा एकमेकींना चिकटून गोळा होतात. सोपी परीक्षा, आकडाही लगेच मिळतो. पण थोड्याच वर्षांत लक्षात आलं, की नळीत जे सीरम पहिलं येतं ते प्राण्याच्या अंगात पहिलं येईलच असं नाही. नळीत पेशी धडाधड मारणारं एखादं सीरम कातडी टिकवण्यात मागे पडायचं.

मग खरी परीक्षा कोणती? कातडीचीच. परक्या कातडीचा तुकडा लावायचा, सीरम द्यायचं, आणि तुकडा काळा पडून गळायला किती दिवस लागतात ते मोजायचं. उंदराच्या अंगावर एरवी तो दहा-बारा दिवसांत गळतो. माणसाच्या पेशींविरुद्धचं औषध उंदरावर चालत नाही, म्हणून हॉलंडमध्ये बाल्नर यांनी ही परीक्षा माकडांवर केली, कारण माकडाच्या पेशी आपल्या पेशींच्या जवळच्या. परीक्षा खात्रीची, पण वेळ लागणार, माकडं लागणार, आणि रुग्ण तर खाटेवर वाट बघतो आहे.

याच सुमारास पॅरिसच्या बाख यांनी एक वेगळी तपासणी सुचवली, ती मला फार आवडली. लिम्फोसाइट आणि मेंढीच्या लाल रक्तपेशी एकत्र केल्या, की काही लिम्फोसाइटभोवती त्या लाल पेशी गोल चिकटून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली फूल दिसतं, मध्ये दाणा आणि भोवती पाकळ्या. त्याला रोझेट म्हणतात. आधी सीरम घातलं तर फुलं उमलत नाहीत. किती पातळ सीरमपर्यंत फुलं अडतात, तो त्या सीरमचा जोर. मजा म्हणजे ही तपासणी सुचली तेव्हा पाकळ्या नेमक्या कोणाभोवती जमतात हे कोणाला नीट ठाऊक नव्हतं. माणसात त्या टी पेशींभोवती जमतात, हे नंतरच्या काही वर्षांत कळलं. आणि टी पेशीच तर परक्या अवयवावर चाल करून जातात. म्हणजे ही परीक्षा सगळ्यांची डोकी न मोजता कामाच्या माणसांना हात घालत होती, म्हणून ती उपयोगी ठरली.

इथे माझी शिक्षिकेची खोड आड येते. हजेरीपट आणि शिकवणं यांत किती अंतर असतं, हे छत्तीस वर्षं पाहिलं आहे. तपासणीला साहेब आले की पटावर चाळीस आणि बाकांवर चाळीस जुळलं की खूश. चाळिसांतले सात जण काय करताहेत ते हजेरीत दिसत नाही. रक्तातल्या लिम्फोसाइटचा आकडा म्हणजे हजेरी. तो सुद्धा फक्त रस्त्यावर दिसलेल्यांचा, कारण बऱ्याच लिम्फोसाइट गाठींमध्ये आणि पानथरीत बसलेल्या असतात, त्या बोटातून काढलेल्या रक्तात येतच नाहीत.

आता यंत्रं आली आहेत. टी पेशींवर सीडी३ नावाची खूण असते, तिला चमकणारा रंग लावून यंत्र एकेक पेशी मोजतं. मूत्रपिंड बदललेल्यांना सशापासूनचं एटीजी देताना काही ठिकाणी हा आकडा पाहूनच डोस ठरवतात. सीडी३ पेशी घनमिलिमीटरला वीसच्या वर गेल्या तरच पुढचा डोस, नाहीतर त्या दिवशी नाही. आमच्या नातवाच्या आजारात तसं नव्हतं. वजनाच्या किलोमागे चाळीस मिलिग्रॅम, रोज, चार दिवस. आधी हाताच्या कातडीत थेंबभर टोचून पाहिलं, घोड्याचं सोसतं की नाही ते. मग बाटली अगदी हळूहळू, सकाळी लावलेली रात्री संपायची. थंडी वाजून ताप यायचा. तिसऱ्या दिवशी तेराशेचे नव्वद झाले, तो भाचीचा फोन.

माझ्या वहीत याच्या पुढचं पान जास्त महत्त्वाचं आहे. अकराव्या दिवशी पोराला पुन्हा ताप आला, अंगावर लाल चट्टे उठले, गुडघे आणि मनगटं इतकी दुखू लागली की पाण्याचा पेला उचलता येईना. तेव्हा मी नागपूरला होते. आम्हाला वाटलं, झालं, संसर्ग झाला. डॉक्टरांनी जंतूंसाठीच्या तपासण्या पाठवल्या, पण पाहताक्षणी म्हणाले, "आजी, हा बहुतेक सीरम सिकनेस आहे. घोड्याच्या प्रथिनांविरुद्ध याच्या शरीराने अँटीबॉडी तयार केल्या." स्टेरॉइड वाढवलं, चार-पाच दिवसांत उतरलं.

मी रात्रभर याच वाक्यावर विचार करत बसले. लिम्फोसाइट नव्वद, म्हणजे शाळा जवळजवळ रिकामी. आणि त्या रिकाम्या शाळेने अकरा दिवसांत घोडा ओळखला, त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी केल्या, आणि पोराचे सांधे धरले! दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, "मग दाबली काय तुम्ही प्रतिकारशक्ती?" ते हसले. म्हणाले, "आजी, अँटीबॉडी करणाऱ्या बी पेशींचं खातं वेगळं, तिथे हे औषध तेवढं पोचत नाही. आणि सगळीच दाबली असती तर आपल्याला चाललं नसतं." मूळ पेशींवर उठलेली टोळी मोडली की नाही, हे त्या दिवशी कोणत्याच तपासणीत दिसणार नव्हतं. ते मगजच सांगणार होता. तीन महिन्यांनी, नाहीतर सहा.

टोळीचा शोध कसा लागला हेही त्यांनीच सांगितलं. पॅरिसमध्ये मॅथे यांनी १९७० च्या सुमारास या आजाराच्या रुग्णांना दुसऱ्याचा मगज देण्याआधी तयारी म्हणून लिम्फोसाइटविरोधी औषध दिलं. दिलेला मगज टिकला नाही, पण काही रुग्णांचा स्वतःचाच मगज पुन्हा काम करू लागला. म्हणजे तो मेला नव्हता, त्याला कोणीतरी दाबून धरलं होतं.

आणि एक गोष्ट, जी वाचून मी भाच्याला पुन्हा फोन केला की आकडे उलटे तर वाचले नाहीस ना. सशापासूनचं एटीजी घोड्याच्या एटीजीपेक्षा लिम्फोसाइट जास्त कमी करतं आणि जास्त दिवस कमी ठेवतं. म्हणजे ते सरस ठरायला हवं. अमेरिकेत शाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी या आजाराच्या १२० रुग्णांत निम्म्यांना घोड्याचं, निम्म्यांना सशाचं दिलं आणि २०११ मध्ये निकाल छापला. सहा महिन्यांनी प्रतिसाद घोड्याच्या औषधाला ६८ टक्के, सशाच्या औषधाला ३७. तीन वर्षांनी हयात असलेले ९६ टक्के आणि ७६. आकडा जास्त पाडणारं औषध मागे पडलं. भाच्याने आकडे बरोबरच वाचले होते.

मधले महिने कसे गेले ते थोडक्यात सांगते. आठवड्याला प्लेटलेट, पंधरा दिवसांनी रक्त, तेही गाळून, किरण देऊन. घरात भाजी उकळलेलीच, पाहुण्यांना दारातूनच नमस्कार. गणपती झाला, दिवाळी झाली, कोणाला घरात घेतलं नाही. दोन नातलग रुसले, अजून रुसलेले आहेत. तीन महिन्यांच्या तपासणीत काहीही नव्हतं. भाचीने त्या दिवशी विचारलं, "मावशी, शेत गेलं ते फुकट गेलं का?" मी म्हटलं, सहा महिने म्हणालेत, सहा होऊ दे. याहून जास्त मला सांगता येण्यासारखं काही नव्हतं.

जानेवारी २०२४ मध्ये एका आठवड्यात प्लेटलेट द्यायच्या आधीच चोवीस हजार निघाल्या. लॅबवाल्याने दोनदा मोजल्या. पुढच्या आठवड्यात तीस. फेब्रुवारीनंतर त्याला रक्त द्यावं लागलेलं नाही.

बरा झाला असं डॉक्टर म्हणत नाहीत, 'प्रतिसाद' म्हणतात. प्रतिसाद आलेल्यांतही तिघांत एकाच्या आसपास आजार उलटतो, असं त्यांनी तोंडावर सांगितलं आहे. आता २०२५ मध्ये सायक्लोस्पोरिन उतरवणं चालू आहे. सकाळची गोळी घेण्याआधी रक्त काढून औषध रक्तात किती आहे ते मोजतात, पण ते झालं औषधाचं मोजमाप. शरीराला अजून किती दाब हवा आहे, हे सांगणारी एक तपासणी आजही नाही. म्हणून थोडं कमी करायचं, दोन महिने थांबायचं, प्लेटलेट बघायच्या, मग आणखी थोडं. जूनमध्ये पंचवीस मिलिग्रॅम कमी केलं तेव्हा प्लेटलेट नव्वद हजारांवरून बहात्तरवर आल्या, तर लगेच पुन्हा वाढवलं. ऑगस्टमध्ये त्र्याऐंशी होत्या.

शेत अजून सुटलेलं नाही, पण ज्याच्याकडे गहाण आहे त्यानेच ते ठोक्याने यांनाच कसायला दिलं. यंदा रोवणीच्या वेळी पोराने चिखलात उतरायची परवानगी मागितली. डॉक्टरांनी विचारलं, पायाला कुठे जखम आहे का, बूट आहेत का. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट गोंदियाच्या बाजारातून आणले. दीड तास उतरला, मग बांधावर बसून बायांना पऱ्ह्यांच्या पेंड्या फेकून देत होता. गोळीची पुढची कपात दिवाळीनंतर आहे.